दवाखान्याची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे महाराष्ट्रातला एका डॉक्टरचा दवाखाना आणि दहा-वीस खाटांचे नर्सिंग होम डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मोठ्या हॉस्पिटलांकडे या कामासाठी वेगळा माणूस असतो. इथे डॉक्टर, सिस्टर आणि मावशी एवढीच माणसे असतात, आणि तपासणीचा दिवस बहुधा ओपीडी तुडुंब भरलेलाच असतो.

माझ्याकडे एकही खाट नाही, फक्त ओपीडी आहे. मला तपासणी लागू होते का?

होते, फक्त सगळी नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ हा रुग्ण दाखल करून घेणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे निव्वळ ओपीडीला ती नोंदणी नाही. पण जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ खाटा मोजत नाहीत. दिवसाला दोन इंजेक्शने देणारा दवाखानाही त्यात येतो. खाटा नसलेल्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र एकदाच काढावे लागते, आणि सामाईक कचरा प्रक्रिया केंद्राशी करार करावा लागतो.

गडबड होते ती 'ऑब्झर्व्हेशन'च्या खाटेवरून. पडद्यामागे एक खाट, सलाईनचा स्टँड, आणि रात्री कधीतरी मुक्कामाला ठेवलेला पेशंट. डॉक्टरांच्या मते ती ओपीडी असते. तपासणी पथकाच्या लेखी ते विनानोंदणी नर्सिंग होम असते. रात्रभर ठेवायचे असेल तर नोंदणी काढा, नाहीतर संध्याकाळी खाट रिकामी करा.

तपासायला नक्की कोण येते?

एकच खाते सगळे तपासते असा समज आहे, तो चुकीचा. नर्सिंग होमची नोंदणी महापालिका हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग पाहतो, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय. कचरा पाहते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटीचे, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याचे, समुचित प्राधिकारी येतात. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. आवारातले मेडिकल अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येते, आगीची व्यवस्था अग्निशमन दलाच्या. शिवाय बोगस डॉक्टर शोधणारे पथक वेगळे. ते आधी पदवी आणि परिषदेची नोंदणी पाहते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, आणि नेमके तेच प्रमाणपत्र जुने निघते. बाकी फाइल चकचकीत असते.

नर्सिंग होमच्या नोंदणीची मुदत किती?

नोंदणी तिसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालते. म्हणजे सगळ्यांची मुदत मार्चअखेरच संपते आणि खिडकीवर गर्दीही मार्चमध्येच होते. अर्जाला प्रदूषण मंडळाचे कागद आणि अग्निशमनाचे कागद जोडायला सांगतात, आणि या दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात. एका पुठ्ठ्यावर सगळ्या परवान्यांच्या संपण्याच्या तारखा लिहून तो पुठ्ठा डॉक्टरांच्या टेबलामागे टांगा. ज्याला मुदत सर्वांत आधी, तो सर्वांत वर. संगणकातली आठवण कुणी पाहत नाही, पुठ्ठा दिसतो.

पथक आधी कळवून येते का? आणि आल्यावर काय करते?

नूतनीकरणाची तपासणी बहुधा कळवून होते. तक्रारीवरची होत नाही.

पद्धत समजून घेतली तर धास्ती निम्म्याने कमी होते. तपासणारा एकच गोष्ट चार बाजूंनी पाहतो: स्वतः डोळ्यांनी पाहतो, कर्मचाऱ्याला विचारतो, नोंद वाचतो, आणि पेशंटशी बोलतो. सरकारी दवाखान्यांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत या चारही रीती लिहूनच दिल्या आहेत. खाजगी दवाखान्यात त्या लिहिलेल्या नसतात, तरी मुरलेला अधिकारी त्याच वापरतो. भिंतीवर हात धुण्याचे पोस्टर आहे, सिस्टर पायऱ्या घडाघडा सांगते, पण बेसिनपाशी साबण नाही. मग शेरा साबणाचा पडतो, आणि पोस्टरचे गुणही जातात.

बहुतेक त्रुटी कागद आणि जागा यांच्यात मेळ नसल्यामुळे निघतात. फ्रीजच्या तक्त्यावर महिनाभर सकाळ-संध्याकाळ ५ अंश, एकाच निळ्या पेनाने, एकाच हस्ताक्षरात. आणि त्याच महिन्यात गावात रोज चार तास वीज नव्हती. असा तक्ता पाहिल्यावर अधिकारी बाकीची रजिस्टरेही संशयानेच उघडतो. एखादा रकाना कोरा राहिला तर राहू द्या, त्यापुढे कारण लिहा. कोऱ्या रकान्याचा खुलासा करता येतो. खोट्या नोंदीचा करता येत नाही.

दर्शनी भागात काय काय लावलेले हवे?

नोंदणी प्रमाणपत्र, दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद. नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून सनद आणि दर यांवर विशेष लक्ष असते. दरपत्रक 'विनंतीनुसार उपलब्ध' असे नको. खोलीचे भाडे, तपासणी फी, सिस्टरचे शुल्क, ऑक्सिजन हे आकड्यांसह मराठीत हवे. तक्रार कुणाकडे करायची, तो क्रमांकही तिथेच. सनद लावलेली असते, पण कॅलेंडरच्या मागे. ते पुरत नाही.

कचऱ्याच्या पिशव्यांत सर्वाधिक चुका कुठे होतात?

रंग चारच आहेत, तरी लाल आणि पिवळ्यात हमखास घोळ होतो. रक्त-पू लागलेला कापूस, बँडेज, प्लास्टर, मुदत संपलेली औषधे, शरीराचे भाग हे पिवळ्यात, कारण पिवळी पिशवी मुख्यतः जाळायला जाते. सलाईनची नळी, प्लास्टिकची बाटली, कॅथेटर, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज हे लालमध्ये, कारण ते निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला जाते. सुया, ब्लेड, लॅन्सेट पांढऱ्या अर्धपारदर्शक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. काचेच्या वायल आणि अँप्यूल निळ्यात. इन्सुलिन सिरिंजची सुई निघत नाही, म्हणून ती अख्खी पांढऱ्या डब्यात जाते.

जे या चारही रंगांत नको तेही सांगायला हवे: सिरिंजचे वेष्टन, औषधांची खोकी, चहाचे कप. हे पालिकेच्या घंटागाडीत जाते. मावशी सगळेच पिवळ्यात टाकत असेल तर दोष तिचा नाही, इंजेक्शनच्या टेबलाशी साध्या कचऱ्याची बादलीच ठेवलेली नसते. ती ठेवा. पिवळ्या पिशवीचे वजन आपोआप उतरते.

पिशवी आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबताना बोट जाते. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. सुट्टीमुळे गाडी आली नाही तर मंडळाला कारणासह कळवायचे. साधा ईमेल करा, पण त्याची प्रत फाइलला लावा. पिशवीवर बारकोड हवा, आणि गाडीवाल्याला दिलेले वजन त्याच दिवशी वहीत. वार्षिक अहवाल फॉर्म चारमध्ये ३० जूनपर्यंत जातो. नोंदी पाच वर्षे जपायच्या.

सगळ्या पिशव्यांत हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ओतायचा असतो ना?

नाही. जुन्या पद्धतीत सिरिंजा हायपोच्या बादलीत भिजत घालायचे, ती सवय अजून अनेक ठिकाणी टिकून आहे. २०१६ च्या नियमांनुसार आधी निर्जंतुक करून द्यायचा तो प्रयोगशाळेतला, सूक्ष्मजीवांचा आणि रक्ताच्या पिशव्यांचा कचरा. पिवळ्या पिशवीत हायपो ओतणे तर उलट घातक. ती भट्टीत जाते, आणि क्लोरीन जळले की डायॉक्सिनसारखे विषारी वायू तयार होतात. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या त्याही याच कारणाने.

हायपो लागतो तो सांडलेल्या रक्तावर, शोषण यंत्राच्या बाटलीतल्या द्रवासाठी आणि फरशीसाठी. इथे हिशेब चुकतो. मूळ द्रावणाची टक्केवारी भागिले हवी ती टक्केवारी, त्यातून एक वजा. उरतील तेवढे भाग पाणी. ५ टक्क्यांच्या कॅनमधून १ टक्का हवा असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी, म्हणजे लिटरभर द्रावणाला २०० मिली हायपो आणि ८०० मिली पाणी. कॅन १० टक्क्यांचा असेल तर १०० मिली आणि ९०० मिली. तपासणारा सिस्टरला नेमके हेच विचारतो, आणि ती 'एक झाकण' म्हणाली की संपले. कॅनच्या वर मार्करने प्रमाण लिहून ठेवा, मोजपात्र साखळीने बांधून ठेवा.

उजेडात आणि उन्हाळ्यात क्लोरीन उडून जातो. खिडकीत ठेवलेल्या पांढऱ्या कॅनमधला जुना हायपो वासाला तसाच येतो, पण जोर गेलेला असतो. कॅन अंधाऱ्या, थंड जागी ठेवा, पातळ द्रावण रोज ताजे करा. रक्त सांडले तर आधी हातमोजे घाला, रक्तावर कागद किंवा कापड टाका, वरून १ टक्का द्रावण ओता, वीस मिनिटे थांबा, मग सगळे उचलून पिवळ्यात. बहुतेक ठिकाणी या वीस मिनिटांना फाटा मिळतो. शौचालय साफ करायचे ॲसिड आणि हायपो एकाच बादलीत कधीही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि तो मावशीच्या छातीत जातो.

कर्मचाऱ्याला सुई टोचली तर तपासणीत काय पाहतात?

लिखित पद्धत आहे का, आणि ती रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत आहे का. जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, बोट तोंडात घालायचे नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, पुढे २८ दिवस. ही गोळी जवळ कुठे मिळते, त्या सरकारी रुग्णालयाचे नाव आणि फोन ड्रेसिंग रूममध्ये लावलेला असावा. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस दिल्याची नोंद मागतात, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी आणि कचऱ्याबद्दलचे प्रशिक्षण झाल्याचीही. मावशी कंत्राटी असली तरी यातून सुटका नाही. कचरा उचलताना सुया तिलाही टोचतात.

ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचे यंत्र) आहे, पण त्यातही त्रुटी निघाली. का?

यंत्र असले म्हणजे निर्जंतुकीकरण झाले असे नाही. छोट्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला १२१ अंश तापमान मिळते, पण आतली हवा निघाली असेल तरच. झडप आधीच बंद केली तर हवा आत अडकते. काटा १५ पौंड दाखवतो, आतले तापमान मात्र १२१ पर्यंत पोचत नाही. म्हणून पाणी उकळू लागले की वाफ सलग, जोरात बाहेर येईपर्यंत झडप उघडी ठेवायची, मगच बंद. दाब पूर्ण झाल्यावर वेळ मोजायला घ्यायची: कापडात गुंडाळलेल्या सामानाला ३० मिनिटे. बटण दाबल्यापासून मोजलेली वेळ धरायची नाही.

ड्रेसिंगचा स्टीलचा ड्रम हातात घेऊन पाहा. त्याच्या कडेला भोके असतात आणि ती झाकणारी सरकती पट्टी. आत ठेवताना भोके उघडी, बाहेर काढल्याबरोबर बंद. अनेक ठिकाणी उलट होते: ड्रम बंद भोकांनीच आत जातो, म्हणजे वाफ कापसापर्यंत पोचतच नाही, किंवा कपाटात भोके उघडी ठेवूनच महिनाभर पडून राहतो. पथकातली जुनी मेट्रन आल्या आल्या याच पट्टीला हात लावते.

ड्रममध्ये सामान कोंबू नका, पाऊण भरा. बाहेर काढलेला गठ्ठा ओला असेल तर तो निर्जंतुक नव्हेच, कारण ओल्या कापडातून जंतू आत ओढले जातात. गठ्ठ्यावर बाहेरून लावलेल्या निर्देशक चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे गठ्ठा ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन आला एवढेच कळते. आत वाफ पोचली का, हे आत ठेवलेली रासायनिक पट्टी सांगते. जंतू मेले का, हे बीजाणूंची (जंतूंच्या सर्वांत चिवट रूपाची) चाचणी सांगते, ती आठवड्यातून एकदा लावावी. प्रत्येक खेपेची नोंद: तारीख, दाब, सुरू-बंद वेळ, कुणी लावला. गठ्ठ्यावरही तारीख.

उकळत्या पाण्यात टाकलेली कात्री निर्जंतुक होत नाही, बीजाणू त्यात जगतात. सॅव्हलॉनच्या बरणीत उभा ठेवलेला चिमटा ही दुसरी जुनी खोड. तो चिमटा कोरड्या, ऑटोक्लेव्ह केलेल्या बरणीत ठेवायचा आणि पाळीगणिक बदलायचा. जंतुनाशकाच्या जुन्या द्रावणात स्यूडोमोनास हा जंतू मजेत वाढतो. ग्लुटाराल्डिहाइड हे जंतुनाशक वापरत असाल तर ते कार्यान्वित केल्याची तारीख भांड्यावर हवी. २ टक्क्यांचे साधे द्रावण १४ दिवस चालते, आणि पूर्ण निर्जंतुकीकरणाला त्यात दहा तास बुडवावे लागते. घाईत वीस मिनिटे बुडवून त्याला निर्जंतुक म्हणू नये.

याच टेबलावर आणखी एक गोष्ट दिसते: मल्टिडोस वायलच्या (अनेक डोस असलेल्या औषधाच्या बाटलीच्या) रबरात तशीच खोचून ठेवलेली सुई. 'दर वेळी नवी कशाला टोचायची' म्हणून. ती सुई म्हणजे बाटलीत शिरायला जंतूंना दिलेला उघडा दरवाजा. सापडली की पथक पुढचे सगळे अधिक कसोशीने पाहते. वायल उघडल्याची तारीख लिहा. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर २८ दिवसांनी ती टाका.

लशींच्या फ्रीजसाठी काय नियम पाळावेत?

तापमान २ ते ८ अंश, दिवसातून दोनदा पाहून लिहायचे, रविवारीसुद्धा. घरगुती फ्रीज असेल तर लशी दारात नको, फ्रीझरच्या लगत नको, मधल्या कप्प्यात हव्यात, आणि त्यांच्यामध्ये हवा खेळती हवी. भाजीच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, वीज गेली की त्या गारवा धरून ठेवतात. वीज नसताना दार उघडून 'किती झालंय' पाहत बसू नका. वायर आत आणि आकडा बाहेर दिसेल असा थर्मामीटर घ्या. प्लगवर 'बंद करू नये' असे लिहून चिकटवा. झाडलोट करताना मोबाइल चार्ज करायला तोच प्लग निघतो.

उष्णतेपेक्षा गारठ्याने नुकसान जास्त लपून राहते. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, टीडी या लशी एकदा गोठल्या की निकामी होतात, आणि वितळल्यावर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शंका आली तर शेक टेस्ट करा: त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवा, मग दोन्ही बाटल्या हलवून शेजारी ठेवा. शंकेच्या बाटलीत गाळ गोठवलेल्या बाटलीइतक्याच वेगाने खाली बसला तर ती टाका. बाटलीवर व्हीव्हीएमचे (लशीला उष्णता लागली की रंग बदलणारे) चिन्ह असेल तर आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असला पाहिजे. रंग सारखा झाला की लस बाद. पण व्हीव्हीएम उष्णता सांगतो, गोठणे सांगत नाही.

फ्रीजमध्ये दूध, इडलीचे पीठ, कुणाचा तरी डबा? दहापैकी किती ठिकाणी सापडतो हे सांगत बसत नाही. सापडतो.

आणीबाणीच्या ट्रेमध्ये काय तपासतात?

मुदत, आणि हात लावल्यावर वस्तू सापडते का. ॲड्रेनलिन, ॲट्रोपिन, हायड्रोकॉर्टिझोन, अँबू बॅग, एअरवे. 'इंजेक्शननंतर पेशंट निळा पडला, घशात सूज आली, काय कराल?' असा प्रश्न सिस्टरला येतो. उत्तर ॲड्रेनलिन: १ मिली अँप्यूलमध्ये १ मिग्रॅ असते, त्यातले प्रौढाला ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. एव्हिल (ॲलर्जीचे औषध) आणि स्टिरॉइड नंतर. उलट क्रम सांगितला जातो, आणि ही चूक जिवावर बेतणारी आहे.

ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर पूर्ण भरला की साधारण १,५०० लिटर वायू देतो. मिनिटाला ५ लिटरने तो पाच तास पुरतो, १० लिटरने अडीच तास. दाबाचा काटा १५० वरून ५० वर आला म्हणजे ५०० लिटर उरले, दहाच्या वेगाने पन्नास मिनिटे. तालुक्याहून ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागतो ते या आकड्याशी ताडून पाहा. चावी सिलिंडरलाच बांधलेली हवी. सिलिंडर साखळीने भिंतीला. झडपेला तेल किंवा ग्रीस अजिबात नको, दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते.

आगीबाबत छोट्या नर्सिंग होमने काय करायचे?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीकडून व्यवस्था तपासून ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यभर ऑडिटचे आदेश निघाले, आणि फायरचा शेरा आता हलक्यात घेतला जात नाही.

सिलिंडर टांगलेला असतो. प्रश्न तो कुणाला चालवता येतो हा आहे. पिन ओढा, नळी आगीच्या मुळाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात हवा. कार्बन डायॉक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करून तपासतात. जिन्यात औषधांची खोकी, मागच्या दाराला कुलूप आणि चावी मालकाच्या घरी, एका प्लगवर एसी आणि वॉर्मर: नेहमीच्या तीन त्रुटी याच. तिन्हींना पैसे लागत नाहीत.

सोनोग्राफी मशीन आहे. सगळ्यात जपायचे काय?

फॉर्म एफ, म्हणजे पीसीपीएनडीटी कायद्याखाली भरायचा सोनोग्राफीचा नोंद फॉर्म. प्रत्येक गर्भवतीचा, प्रत्येक रकाना. कायद्यानुसार नोंद अपुरी असणे हाच भंग मानला जातो, आणि तसे नाही हे सिद्ध करणे तुमच्या माथ्यावर. 'ती लिहिण्यातली चूक होती' हा बचाव २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला गेला, तो टिकला नाही. पेशंटची सही, तिचा पत्ता, रेफर करणाऱ्याचे नाव, तपासणीचे कारण, डॉक्टरचे घोषणापत्र, काहीही सुटू नये. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. नोंदणी पाच वर्षांची. लिंग सांगितले जात नाही हा फलक मराठीत आणि इंग्रजीत, कायद्याची प्रत दवाखान्यात. मशीन बदलणे, हलवणे, नवा डॉक्टर येणे हे आधी कळवायचे. मशीन बंद पडले असेल तरी ते नोंदीत असते, भंगारात देऊन मोकळे होऊ नका.

आणि एक्स-रे?

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर परवाना, यंत्राची ठरल्या मुदतीत गुणवत्ता चाचणी, तंत्रज्ञाचा टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा). बॅज शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर लावायचा, काम झाल्यावर एक्स-रे खोलीबाहेर ठेवायचा. एप्रन घडी घालू नका, टांगा. घडीवर शिसे तडकते.

केसपेपर किती वर्षे ठेवायचे? पेशंटने मागितले तर?

दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे. पेशंटने मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रत द्यायची. कोर्टात गेलेले प्रकरण तीन वर्षांनंतरही फाडू नका. केसपेपरवर वेळ लिहिण्याची सवय लावा. नुसती तारीख असलेला कागद 'डॉक्टर कधी आले?' या प्रश्नाला उत्तर देत नाही. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आणि वाचता येईल असे औषधाचे नाव.

त्रुटी निघाल्यावर नोटीस आली. आता?

उत्तर मुद्द्याला मुद्दा असे द्या. प्रत्येक त्रुटीपुढे काय केले, कोणत्या तारखेला, पुरावा काय: फोटो, बिल, हजेरीची प्रत. 'यापुढे काळजी घेऊ' हे उत्तर नव्हे. जे लगेच होणार नाही त्याची तारीख द्या आणि पाळा. अधिकाऱ्याचे म्हणणे चुकीचे वाटत असेल तर नियमाचा क्रमांक विचारून लेखी खुलासा द्या, तो अधिकार आहे. पूर्तता अहवालाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

एनएबीएच घेतले तर सरकारी तपासणी टळते का?

टळत नाही. एनएबीएच हे रुग्णालयांच्या गुणवत्तेचे मानांकन ऐच्छिक आहे, विमा कंपन्यांच्या पॅनलसाठी उपयोगी पडते, आणि पन्नास खाटांपर्यंतच्या छोट्या संस्थांसाठी त्यांची वेगळी मानके आहेत. सल्लागाराकडून विकत घेतलेल्या दोनशे पानी एसओपीत (कामाच्या लिखित पद्धतीत) दुसऱ्याच हॉस्पिटलचे नाव राहून जाते, तेवढे पाहा. सिस्टरच्या भाषेत लिहिलेले वीस कागद जास्त कामाचे.

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आणि २०१५ पासून कायाकल्प ही स्वच्छतेची पुरस्कार योजना आहे. तिथे प्रत्येक मुद्द्याला पूर्ण, अर्धवट, नाही यानुसार २, १, ० असे गुण मिळतात. खाजगी दवाखान्यानेही ती चेकलिस्ट घेऊन वर्षातून एकदा स्वतःला गुण द्यावेत. फुकट आहे, आणि चांगली आहे.

मी पेशंट आहे. माझ्या डॉक्टरच्या दवाखान्याचा तपासणी अहवाल मला पाहता येतो का?

आपल्याकडे दवाखान्याच्या दारावर श्रेणी लावण्याची पद्धत नाही. पालिका किंवा जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. 'अमुक नर्सिंग होमच्या नोंदणीची आणि शेवटच्या तपासणी अहवालाची प्रत' एवढेच मागा. दहा प्रश्न विचारले की अर्ज फिरत राहतो.

अर्ज न करताही बरेच दिसते. दरपत्रक लावले आहे का. पुरुष डॉक्टर बाईला तपासताना सोबत स्त्री असते का. इंजेक्शनच्या टेबलाशी सुई कापायचे यंत्र आहे का, आणि सिस्टर सुईवर पुन्हा टोपण चढवते की सरळ कापते. सिरिंजचे पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. चांगल्या दवाखान्यात याचे कुणाला वाईट वाटत नाही.